डोक्यापाशी बसणारी

अक्का,

तू गेलीस हे मला अजून पटलेलं नाही, आणि न पटलेल्या गोष्टीवरून तुझ्याशी भांडायची मला सवयच आहे. म्हणून हे लिहायला घेतलं. मंचेरियलला तुझ्या दारात जमलेल्या बायकांनी तुझे गुण भरपूर गायले, तेलुगूत, रडून रडून. मी कोपऱ्यात बसून ऐकत होते. अर्धं कळलं, अर्धं डोक्यावरून गेलं. त्यातली एकही तुझ्याबरोबर कधी ऑपरेशन थिएटरमध्ये उभी राहिलेली नव्हती. तू 'सुया देणारी डॉक्टरम्मा', एवढंच त्यांना ठाऊक. भटजी काही सांगत होते तेव्हा सगळ्यांनी हात जोडले, मीही जोडले आणि मनातल्या मनात आमचं त्रिसरण म्हटलं. तुला चाललं असतं. तुला न चालणाऱ्या गोष्टी वेगळ्याच होत्या.

मला तुझा राग आला आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं तुला वाटायला नको की ही रडता रडता मध्येच का खेकसली.

रागाचं कारण एकच आहे. इतकी वर्षं मी तुझ्या मागं लागले होते, अक्का, मला पाठीच्या मणक्यातली सुई द्यायला शिकव. तू शिकवलं नाहीस. आता तू नाहीस, आणि आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात सिझेरियनच्या बाईला कमरेखाली बधिर करणारं माणूसच उरलेलं नाही. थिएटर धुऊनपुसून तयार आहे, मी तयार आहे, आणि उपयोग शून्य. या सगळ्यात वांकिडीकडची मंगला सापडली. तिचं सांगायचं आहे तुला. पण सरळ तिच्यापर्यंत जायचा मला धीर होत नाही, म्हणून जरा लांबून येते.

तू पहिल्यांदा आलीस तेव्हा मी काही फार खूश नव्हते. मला वाटलं होतं, या सरहद्दीच्या भागात निदान मराठी समजणारं कुणी पाठवतील. माझ्या वॉर्डातल्या निम्म्या बाया वांकिडीकडच्या, कापूस-ज्वारीच्या घरातल्या, आणि तू आलीस हैदराबादी हिंदी आणि अस्खलित तेलुगू घेऊन. ओळख करून देताना मी सिस्टरला म्हटलं, "या आपल्या भूल देणाऱ्या डॉक्टर," तर तू एकदम ताठ झालीस. "भूल? हिंदीत भूल म्हणजे गलती. मी काय गलती देते काय?" मी तुला समजावलं की मराठीत भूल म्हणजे वेगळी भूल. तू म्हणालीस, "वेगळी असो की तीच असो, एकदा दिली की परत घेता येत नाही." मला तेव्हा ते उद्धट वाटलं होतं.

मग तू मराठी शिकायचा चंग बांधलास. कुणी सांगितलं नव्हतं. तुझं म्हणणं, बाई टेबलावर असते तेव्हा तिच्या डोक्यापाशी मी बसते, सर्जन पडद्यापलीकडं. मग तिच्याशी तिच्या भाषेत मी नाही बोलायचं तर कोणी बोलायचं? मुद्दा बरोबर होता. मराठी मात्र धन्य होती. 'तुझा सुई', 'ते बाई आला', 'बाळ रडला काय'. तेलुगूतून शब्दाला शब्द लावून तू वाक्यं जुळवायचीस, आणि त्यातूनच तो प्रसंग घडला जो वांकिडीपासून बासरपर्यंतच्या सगळ्या दवाखान्यांत पोचला.

नऊ महिने भरलेली बाई. तू सुई दिलीस, तिला निजवलंस, उजव्या कुल्ल्याखाली घडी घातलेली चादर सरकवलीस आणि मोठ्या प्रेमानं विचारलंस, "बाई, पाय भारी झाले काय?"

तुझ्या तेलुगूत ते अगदी साधं होतं, पाय जड पडले का. आमच्याकडं बाईचे पाय भारी झाले म्हणजे तिला दिवस गेले. ती बाई तुझ्याकडं बघतच राहिली. मग म्हणाली, "मंग मी काय इथं वावर निंदाले आली काय, बाई?"

सिस्टर रूथच्या हातातला ट्रे हलायला लागला. मी पडद्यापलीकडं वाकून हसत होते आणि तू लालबुंद होऊन विचारत होतीस, "काय चुकला? सांग न, चेल्ली, काय चुकला?" चेल्ली म्हणजे धाकटी बहीण. त्या दिवशी तू मला पहिल्यांदा तसं म्हणालीस, तेही रागात, आणि मग कायमचंच झालं.

नंतर मी तुला दुसरे शब्द दिले. 'सुन्न' म्हटलं तर बायांना वाटायचं पाय कायमचे गेले. 'बधिर' म्हटलं तर एकीनं तुलाच ऐकवलं, "मी काई बहिरी नाई, बाई, आयकू येते मले." शेवटी तू वैतागून 'भारी'वरच परत आलीस. "हसू दे. हसणारी बाई थरथरत नाही," म्हणालीस. पण त्या प्रश्नाच्या उत्तरावर मात्र तू कधी भरवसा ठेवला नाहीस. कारण एकीनं भाबडेपणानं "हो बाई, नववा सरला" असं सांगितलं होतं, आणि हा 'हो' कशाचा हो, ते तुझ्या लक्षात आलं होतं. तू स्पिरिटचा ओला बोळा तिच्या पोटावरून वर वर नेत जायचीस, थंड लागतं की नाही ते तिच्या कपाळाकडं बघून ओळखायचीस, आणि तुझी मान हलल्याशिवाय मला सुरी हातात घ्यायची मुभा नसे. मी म्हणायचे, ही बया माझ्या पेशंटच्या डोक्यापाशी बसते आणि माझ्या डोक्यावर.

आणि भांडणं. देवा रे, किती भांडलो आपण त्या दोन औषधांवरून.

सरकारी पुरवठ्यात लिग्नोकेन यायचं. लवकर चढायचं, तासाभरात उतरणीला लागायचं. ब्युपिव्हाकेन तेव्हा आपल्याकडं नवीन. हैदराबादहून कुणी येणार असलं की तू मागवून घ्यायचीस. ते जरा सावकाश चढायचं पण दोन-तीन तास हलायचं नाही. दोन्हींत साखर मिसळलेली, म्हणून ती मणक्यातल्या पाण्यापेक्षा जड. टेबल झुकवावं तिकडं सरकतात. आपण त्यांना 'आखूड' आणि 'लांब' म्हणायचो. वॉर्डातल्या आयांनाही ती नावं पाठ झाली होती.

सुरुवातीला तू आखूडची आणि मी लांबची. माझा हात तेव्हा सावकाश होता. पहिलं सिझेरियन ठीक, पण दुसऱ्यांदा पोट उघडायचं म्हणजे आत सगळं एकमेकाला चिकटलेलं. सोडवता सोडवता वेळ जातो. एकदा मी शेवटचे टाके घालत असताना आखूड औषध दगा देऊ लागलं. बाई शांतपणे म्हणाली, "बाई, चिमटे काऊन घेऊन राह्यल्या?" तू झटकन शिरेतून औषध देऊन तिला झोपवलंस. नंतर हात धुवायच्या जागी आपली जी जुंपली ती आठवते ना? मी म्हटलं, लांब औषध दिलं असतं तर ही वेळ आली नसती. तुझी मंचेरियलची गाडी चुकते म्हणून तू आखूड देतेस. तू म्हणालीस, आणि तू मुंगीसारखं कापते म्हणून लांब मागते.

पण तुझं खरं कारण गाडी नव्हतंच. तू मला हाताला धरून वॉर्डात नेलंस. भरलेला वॉर्ड आणि एक सिस्टर. "लांब दिला तर ह्या बाईचे पाय संध्याकाळी येतील. तोवर रक्ताचा दाब उतरला तर कोण बघेल? ती सिस्टर? ती तर तिकडं सलाईन लावते. आखूड दिला तर पाय माझ्यासमोर येतात." पायाची बोटं हललेली बघितल्याशिवाय तू कधी स्टेशनकडं निघाली नाहीस. गाड्या तुझ्या तशाही चुकायच्याच. मग माझ्याकडं मुक्काम, भाकरी, आणि अंबाडीची भाजी आमची का तुमची यावर आणखी एक भांडण.

गंमत अशी की पुढं आपण भांडता भांडता बाजू बदलल्या. आखूड औषधानंतर काही बायांच्या कुल्ल्यांत आणि मांड्यांत दोन दिवस आग व्हायची. बाकीचे डॉक्टर मनाचा भास म्हणून सोडून द्यायचे. तू मात्र एकेकीला जाऊन विचारलंस, आणि तुझं मन त्या औषधावरून उडालं. शिवाय लांब औषध दिलेली आई संध्याकाळी दुखण्याशिवाय बाळाला पाजते, हे तू एकदा बघितलंस आणि हरखून गेलीस. तोवर माझा हात भरभर चालायला लागला होता, आणि वॉर्डात पाय न हलवता पडलेल्या बायांची काळजी आता मला खाऊ लागली होती. तेव्हा मी आखूडची झाले, तू लांबची. एकमेकींची जुनी वाक्यं आपण एकमेकींच्या तोंडावर फेकत होतो आणि दोघींनाही त्याची लाज नव्हती.

या सगळ्या काळात मी तुला किती वेळा म्हटलं असेल, मला शिकव. तू आठवड्यातून ठरलेले दिवस येणार, मध्ये अडलेली बाई आली तर तुला निरोप जाणार, तू मिळेल त्या गाडीनं धावत येणार. कधी पोचायचीस, कधी बाईलाच दुसरीकडं न्यावं लागायचं. मी म्हणायचे, इतर ठिकाणी सर्जन स्वतःच सुई देतात आणि स्वतःच कापतात. त्यात काय एवढं? तू कानावर हात ठेवायचीस.

एकदाच कारण सांगितलंस. आपण डबा खात होतो, तुझा चिंचेचा भात आणि माझा ठेचा. तू शिकत असतानाची गोष्ट. कुठल्या गावची ते तू सांगितलं नाहीस, मी विचारलं नाही. सर्जननं स्वतः सुई दिली, हात धुतले आणि पोट उघडलं. बाई जांभया देऊ लागली. तू दारापाशी सामान घेऊन उभी होतीस. तुला जांभई दिसली पण तिचा अर्थ तेव्हा तुला माहीत नव्हता. ज्याला माहीत होता त्याचे दोन्ही हात पोटात होते. दाब उतरत गेला, औषध छातीपर्यंत चढलं, आणि ती बाई ओठांनी काहीतरी म्हणत होती, आवाज फुटत नव्हता. "मूल रडला," तू म्हणालीस. "खूप जोरात रडला. आई गप्प." मग डबा बंद करून म्हणालीस, "चेल्ली, सुई देणं एक मिनिटाचा काम. नंतर डोक्यापाशी बसणं, तेच काम. तू दोन ठिकाणी बसशील काय? मी तुला शिकवला तर तू एके दिवशी करशीलच. म्हणून नाही शिकवणार."

मी म्हटलं, आणि एके दिवशी तू नसलीस तर?

तू म्हणालीस, "मी कुठं जाते?"

हे वाक्य मला आता झोपू देत नाही. तुझी चूक नव्हती. जिवंत माणूस असंच बोलतं. पण अक्का, तू गेलीस ना. साध्या तापानं गेलीस. आपल्या जिल्ह्यात कुणाला ताप येत नाही? तू गोळी घेतलीस, एक दिवस ड्युटीही केलीस, आणि ताप डोक्यात चढला. मला निरोप मिळाला तेव्हा तू कुणाला ओळखत नव्हतीस. मी तुझ्या उशापाशी बसले, नाडी धरली, डोळे बघितले. मी डॉक्टर, माझ्याभोवती आणखी दोन डॉक्टर, आणि आमच्यापैकी कुणाला काही करता आलं नाही. तुझे ओठ हलत होते. मी कान लावला. तेलुगू होतं, मला कळलं नाही. तू माझी भाषा शिकलीस, मी तुझी कामापुरतीच शिकले. तू शेवटी काय म्हणालीस ते मला कधीच कळणार नाही.

आता मंगला.

तुला ती आठवेल. तिच्या पहिल्या खेपेला कमरेचं हाड अरुंद म्हणून आपणच सिझेरियन केलं होतं. पोरगी झाली, आता अंगणभर धावते. या खेपेला तपासायला आली तेव्हा तूही होतीस. तिच्या समोरच आपण वाद घातला. तू म्हणालीस लांब, आणि पुस्तकापेक्षा थोडं कमी, "ते बाई केवढा आहे बघ, माझ्या खांद्याला पण येत नाही." मी म्हटलं आखूड, मी झटपट आटोपते. तू म्हणालीस, जुना व्रण आहे, आत काय चिकटलंय तुला काय माहीत. मी म्हटलं, बघू त्या दिवशी. मंगला आपल्या दोघींकडं आळीपाळीनं बघत होती, जसं काही घरातल्या दोन जावा तिच्यासाठी लुगडं निवडताहेत. निघताना तिनं तुलाच विचारलं, "तुमी येसान न, बाई?" तू म्हणालीस, "येते. तुझा सुई मीच देते." ती 'तुझा सुई'ला फिदीफिदी हसली.

तुझ्या घरून मी परतले त्याच्या दुसऱ्याच दिवशी, दुपारी, तिला बैलगाडीतून आणलं. ठरलेल्या तारखेआधी कळा सुरू झाल्या होत्या. बरोबर सासू. बाळाचे ठोके चांगले होते, मंगलाही ठीक होती. तिनं इकडंतिकडं बघितलं आणि विचारलं, "भारी पायवाल्या बाई कुठं हायेत?"

मी म्हटलं, "आल्या नाहीत." तू गेलीस हे मी तिला सांगितलं नाही. कळा देणाऱ्या बाईला ते कसं सांगतात?

मी तिला थिएटरमध्ये घेतलं, अक्का. खोटं कशाला बोलू. सिस्टर रूथनं ट्रे मांडला. मी मंगलाला टेबलाच्या काठावर बसवलं, तू म्हणायचीस तसं "मांजरीवानी पाठ कर" म्हटलं. तिनं गुमान केली. मी हात धुतले, हातमोजे घातले, तिच्या कमरेवर बोट टेकवलं. दोन हाडांमधली फट सापडली. तुझ्याकडं बघून बघून तेवढं मला येतं. सिस्टरनं दोन्ही बाटल्या पुढं धरल्या. लांबची तूच आणून ठेवलेली होती.

"मॅडम, कोणतं?"

इतकी वर्षं मी या प्रश्नावर तावातावानं बोलत आले होते. आणि आता खरोखर निवडायची वेळ आली तर मला एकही बाटली निवडता येईना. आखूड घेतलं आणि आत सगळं चिकटलेलं निघालं, तर मध्येच ते उतरेल, आणि तिला झोपवायला कुणी नाही. लांब घेतलं आणि दाब कोसळला, तर माझे हात तिच्या पोटात, आणि ते सावरायला कुणी नाही. मी एका बाटलीकडं बघत होते, मग दुसरीकडं. दोन्ही औषधं चांगली होती. दोन्हींना डोक्यापाशी एक माणूस लागत होतं. सिस्टर रूथला मी म्हणू शकले असते, तू बैस तिथं. पण मग मला हत्यारं कोण देणार, आणि जांभई दिसली तर ती काय करणार?

मी तुझ्या रिकाम्या स्टुलाकडं बघितलं आणि तिच्या कमरेवरून बोट उचललं.

पोटाच्या कातडीतच बधिर करणाऱ्या सुया टोचत टोचत बाळ काढायची एक पद्धत आहे, तीही मनात येऊन गेली. जुन्या व्रणावर ते करणं म्हणजे तिचे हाल हाल करणं. बाळाचे ठोके चांगले होते. जीप दारात उभी होती. चंद्रपूर दूर होतं, पण तिथं भूल देणारं माणूस होतं. अशा वेळी जे करायला सांगतात तेच मी केलं, तिला तिकडं पाठवायचं ठरवलं. वॉर्डात दुसरी बाई अगदी बाळंतपणावर आली होती, म्हणून मला निघता आलं नाही. सिस्टर रूथला बरोबर दिलं. मंगलाला जीपमध्ये आडवं करताना ती मला म्हणाली, "मले वाटे, तुमच्याच हातानं होईन." सासू म्हणाली, "चाल गा भाऊ, हाक लवकर," आणि जीप गेली.

राजुऱ्याच्या पुढं जुना व्रण उसवला. रूथ म्हणते, मंगला एकदम ओरडली आणि मग कळा थांबल्यासारख्या झाल्या. रूथनं पोटावर नळी लावली तेव्हा बाळाच्या ठोक्यांचा आवाज नव्हता. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी धावपळ करून मंगलाला वाचवलं, पिशवी शिवून ठेवली. बाळ नाही. मुलगा होता.

मी हे तुला तक्रार म्हणून सांगत नाही. किंवा तक्रार म्हणूनच सांगते, मला आता ठरवता येत नाही. तू शिकवलं असतंस तर मी सुई दिली असती. दिली असती तर कदाचित आज बाळ असतं. कदाचित मंगला नसती. तू नेमकं हेच म्हणशील, मला तुझा चेहरा दिसतो आहे, ओठ मुडपून, चष्मा कपाळावर. तू बरोबर होतीस, अक्का. आणि बाळ गेलं. या दोन गोष्टी मी रोज शेजारी शेजारी ठेवून बघते आणि त्यांचं काय करायचं ते मला कळत नाही. तू असतीस तर निदान भांडलो असतो.

आणि तुझ्यामुळं जगलेल्यांचं काय? त्यांची नावं मला आठवत नाहीत, तुलाही आठवायची नाहीत. बाजारात एखादी धिप्पाड पोरगी आईबरोबर चालताना दिसते आणि आई मला बघून पदर सारखा करते, तेव्हा मला कळतं की हिच्या डोक्यापाशी तू बसली होतीस. मी कापायचे, बाळ काढून उंच धरायचे, सगळे माझ्याकडं बघायचे. तुझ्याकडं फक्त ती बाई बघायची, उलटी, खालून वर. तुझा चेहरा त्यांना उलटाच आठवत असेल. मी तुला कधी धन्यवाद म्हटले नाहीत. आपल्यात ती पद्धतच नव्हती. म्हटलं असतं तर तू म्हणाली असतीस, "काय झाला तुला आज?"

तुझ्या जागी कुणी यावं म्हणून हैदराबादला लिहिलं आहे. येतील तेव्हा येतील. मी स्वतः शिकायला जायचं म्हटलं तर कित्येक महिने हा वॉर्ड उघडा टाकून जावं लागेल. रोज पोटुशा बाया तपासते, आणि जिचं हाड अरुंद वाटतं तिच्या पोटावरून हात काढताना तिच्याकडं बघत नाही.

आज सकाळी, हे लिहिणं इथवर आलं असताना, मंगलाची सासू आली. मंगलाच्या गोळ्या संपल्या होत्या. पदरात वावरातलं एक वाळूक बांधून आणलं होतं, ते टेबलावर ठेवलं. मला वाटलं होतं ती शिव्या देईल. त्या मी ऐकून घेतल्या असत्या, मला बरं वाटलं असतं. ती समोर बसली आणि खरोखर समजून घ्यायचं असल्यासारखं विचारू लागली.

"कापता त तुमीच न, बाई?"

"हो."

"शिवताबी तुमीच?"

"हो."

"मंग ते पाठीतली सुई काऊन नाई देली तुमी?"

मी तुझं सगळं तिला सांगू शकले असते. जांभई, दाब, दोन ठिकाणी बसता न येणं. तोंड उघडलं तर निघालं भलतंच.

"येत नाही मले," मी म्हणाले.

इतक्या वर्षांच्या डॉक्टरकीत हे वाक्य मी पेशंटच्या माणसासमोर पहिल्यांदा बोलले, तेही माझ्या आईच्या बोलीत. ती रागावली नाही.

"माई धाकटी सून मंगलाची सख्खी बहीण हाये," ती म्हणाली. "एकाच घरात देल्ल्या दोघी. हाडंबी तशेच हायेत तिचे. चौथा लागला आता तिले. तवरिक शिकून घ्यान काय, बाई?"

मी तिला म्हटलं, जरा बाहेर बसा, विचारून सांगते. ती बाहेर बाकड्यावर बसली आहे.